हेरकथा, हेरांच्या आठवणी आणि डिटेक्टिव्ह कादंबऱ्या : आतल्या तंत्रावर विश्वास कधी ठेवायचा?

पानकिडा

वाचनालयाच्या वाचकगटासाठी हेरगिरी आणि गुन्हेशोध या विषयावरची सहा पुस्तकं निवडायची आहेत, दर महिन्याला एक. नुसती रंजक नकोत. चर्चेत 'हे असं खरंच होतं का?' हा प्रश्न हमखास येतो आणि त्याला उत्तर देता आलं पाहिजे.

माझं मत आधी मांडतो. हेरगिरीवरचं खरं म्हणवणारं पुस्तक हातात घेतलं की लेखकाचं नाव नंतर बघावं, पहिल्या आवृत्तीचं साल आधी बघावं. ब्रिटनने एनिग्मा या जर्मनांच्या सांकेतिक लेखनाच्या यंत्राचे संदेश फोडले होते, हे सर्वसामान्य वाचकाला कळलं १९७४ मध्ये, विंटरबॉथमच्या 'द अल्ट्रा सीक्रेट'मुळे. म्हणजे त्याआधी लिहिलेल्या दुसऱ्या महायुद्धाच्या बहुतेक इतिहासांत सेनापतींच्या अचूक अंदाजांमागचं खरं कारणच नाही. ते लेखक खोटं बोलत नव्हते. कागद बंद होते आणि ज्यांना माहीत होतं त्यांच्या तोंडाला कुलूप होतं.

हा नियम पुरेसा आहे का? डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांना काय लावायचं? आणि मराठीतलं काय घ्यावं?

टाकदोत

नियम चांगला आहे, पण अर्धा. १९७४ चं तेच पुस्तक घ्या. विंटरबॉथम आतला माणूस होता, तरी लिहिताना त्याच्यासमोर मूळ कागद नव्हते, सगळं आठवणीवर होतं. त्यामुळे दोन मोठ्या चुका शिरल्या. १४ नोव्हेंबर १९४० च्या कॉव्हेंट्रीवरच्या बॉम्बहल्ल्याची चर्चिलना आधीच खबर होती आणि गुपित राखण्यासाठी त्यांनी शहराचा बळी दिला, ही एक. नंतर खुल्या झालेल्या कागदांवरून दिसतं की त्या संध्याकाळी चर्चिल हल्ला लंडनवरच होणार असं धरून चालले होते. दुसरी चूक पोलंडबद्दलची. एनिग्माचं श्रेय ज्या गणितज्ञांचं, त्यांच्याऐवजी तिथे एका पोलिश कारागिराची गोष्ट येते.

खरा क्रम असा. मारियान रेयेव्स्कीने डिसेंबर १९३२ मध्ये यंत्राची अंतर्गत जोडणी गणिताने काढली. येझी रुझित्स्की आणि हेन्रिक झिगाल्स्की हे त्याचे सहकारी. जुलै १९३९ मध्ये वॉर्सोजवळ पोलिश लोकांनी ही सगळी विद्या ब्रिटिश आणि फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाती दिली.

तेव्हा सालाबरोबर दुसरा प्रश्न विचारा : लेखकाने कागद पाहून लिहिलंय की आठवून? पहिलं पुस्तक गुपित फोडतं, पण तपशिलासाठी दहा वर्षांनंतरचं घ्यावं.

इंद्रायणी

+१. एनिग्मावरचं पुस्तक पारखायची सोपी युक्ती सांगते. अनुक्रमणिका सोडा. अक्षर स्वतःच्याच रूपात कधी बाहेर पडत नाही, ही यंत्राची खोड पुस्तकात समजावली आहे का ते शोधा.

लेखक लोक आकडे फेकतात : पाच चक्रांतून तीन निवडून लावायच्या ६० रीती, त्यांच्या सुरुवातीच्या १७,५७६ स्थिती, वर दहा तारांच्या जोडण्या सुमारे १५० लाख कोटी. वाचक दडपतो आणि मग 'प्रतिभावंतांनी ते फोडलं' एवढ्यावर गाडी पुढे जाते. कसं फोडलं?

एखादं हवामान केंद्र रोज सकाळी ठरावीक शब्दांनी संदेश सुरू करतं, हे माहीत असतं. तो अंदाजाचा मजकूर एका पट्टीवर लिहायचा आणि सांकेतिक मजकुराखाली एकेक घर सरकवत न्यायचा. वरखाली कुठेही तेच अक्षर आलं की ती जागा बाद, कारण यंत्र 'क'चा 'क' कधीच करत नाही. उरलेल्या जागा यंत्राने तपासायच्या. इतकं साधं पान ज्या पुस्तकात नाही, ते फक्त वातावरणनिर्मितीसाठी वाचावं. नौदलाने १ फेब्रुवारी १९४२ ला पाणबुड्यांसाठी चौथं चक्र आणलं आणि दहा महिने ब्रिटिश आंधळे झाले, हेही प्रकरण असायलाच हवं. नाहीतर सगळं कसं सुरळीत घडत गेल्यासारखं वाटतं.

कोकणकडा

सालाच्या नियमाशी असहमत. ईवेन माँटेग्यूचं 'द मॅन हू नेव्हर वॉज' १९५३ चं आहे, म्हणजे तुमच्या हिशेबात बाद. पण ज्याने बेत आखला त्यानेच तो लिहिलाय आणि बनावट माणूस कसा 'भरतात' याचं त्याहून चांगलं वर्णन विरळा.

थोडक्यात प्रकरण असं : ३० एप्रिल १९४३ ला सेराफ पाणबुडीने स्पेनमधल्या वेल्वाजवळ 'मेजर विल्यम मार्टिन'चा मृतदेह समुद्रात सोडला. जवळच्या बॅगेत पत्रं होती, ती वाचून दोस्तांची चढाई ग्रीस आणि सार्डिनियावर होणार असं वाटावं. खरी चढाई जुलैत सिसिलीवर झाली. खिशातल्या वस्तू बघा : नाटकाच्या तिकिटांचे अर्धे तुकडे, बँकेचं थकबाकीचं पत्र, प्रेमपत्रं, अंगठीचं बिल. एकही वस्तू बढाईखोर नाही. सगळ्या किरकोळ, आणि तारखा एकमेकींशी जुळणाऱ्या. कादंबरीकार इथेच चुकतात, बनावट ओळख म्हणजे नुसता पासपोर्ट समजतात.

टाकदोत

कोकणकडा, मान्य, पण त्या पुस्तकात काय झाकलंय तेही गटाला सांगा. माँटेग्यूने देह कुणाचा होता ते सांगितलं नाही, आणि मृत्यू न्यूमोनियाने झाला असं लिहिलं. १९९६ मध्ये नाव बाहेर आलं : ग्लिंडूर मायकल, वेल्समधला बेघर तरुण, उंदराच्या विषाने मेलेला. म्हणून १९५३ चं पुस्तक आणि बेन मॅकिन्टायरचं २०१० चं 'ऑपरेशन मिन्समीट' शेजारी ठेवून वाचावं. दुसऱ्यात स्पॅनिश लोकांनी मोहोर न मोडता पत्र कसं काढलं तेही आहे : पाकिटाच्या फटीतून बारीक सळई घालायची, ओला कागद तिच्याभोवती गुंडाळायचा आणि सुरळी तशीच बाहेर ओढायची. पत्रं परत आल्यावर लंडनच्या तज्ज्ञांनी कागदाच्या घड्या तपासल्या आणि ती उघडली गेल्याचं ओळखलं.

रानवारा

वाचनखूण साठवली. 'डबल क्रॉस'वर कुणी बोललं नाही अजून!

कोकणकडा

घ्या. ब्रिटनमध्ये आलेले जर्मन हेर पकडून उलट वापरायचे, ही 'डबल क्रॉस' योजना. ती चालवणाऱ्या समितीचे अध्यक्ष जॉन मास्टरमन. त्यांनी १९४५ मध्ये अंतर्गत अहवाल लिहिला, तो पुस्तकरूपात आला १९७२ मध्ये, आणि तोही अमेरिकेत, येल विद्यापीठाकडून. या धाग्याला दुहेरी शोभणारी गोष्ट म्हणजे हे गृहस्थ ऑक्सफर्डचे इतिहासाचे प्राध्यापक होते आणि १९३३ मध्ये त्यांनी एक डिटेक्टिव्ह कादंबरीही लिहिली होती.

यातला नायक हुआन पुजोल, टोपणनाव गार्बो. आधी लिस्बनमध्ये बसून, इंग्लंड न बघता, प्रवासी मार्गदर्शक आणि नकाशावरून जर्मनांना 'लंडनहून' पत्रं लिहायचा. ग्लासगोतले लोक एक लिटर वाइनसाठी काहीही करतील, असं त्याने लिहून टाकलं. बिअर आणि व्हिस्कीच्या शहरात वाइन! शिलिंग-पेन्सचा हिशेबही त्याला धड जमत नव्हता. तरी तो पकडला गेला नाही, कारण ताडून बघायला जर्मनांकडे दुसरा स्वतंत्र माणूस नव्हता. पुढे ब्रिटिशांबरोबर त्याने २७ काल्पनिक सहायक उभे केले. ९ जून १९४४ ला त्याने कळवलं की दोस्तांचं नॉर्मंडीत उतरणं ही हूल आहे, मुख्य चढाई पा-द-कॅलेवर होणार. त्याच वर्षी जर्मनांनी त्याला आयर्न क्रॉस हे पदक दिलं आणि ब्रिटिशांनी एमबीई हा किताब.

शमीवृक्ष

'दुसरा स्वतंत्र माणूस नव्हता' हे वाक्य वाचलं आणि थेट कौटिल्य आठवला. अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात नेमका हाच नियम आहे : 'त्रयाणामेकवाक्ये सम्प्रत्ययः'. तिघांचं बोलणं एक झालं तर विश्वास. वारंवार विसंगत खबरा देणाऱ्याला गुपचूप शिक्षा किंवा कामावरून दूर. आणि हेरांनी एकमेकांना ओळखता कामा नये, हेही तिथेच.

हेरांचे प्रकार दोन गटांत. एका जागी बसणारे 'संस्था' : कापटिक म्हणजे विद्यार्थी, उदास्थित म्हणजे संन्यास सोडलेला, गृहपतिक म्हणजे गरिबीत आलेला शेतकरी, वैदेहक म्हणजे व्यापारी, तापस. फिरते 'संचार' : सत्री (राज्याने पोसून शिकवलेला), तीक्ष्ण (जिवावर उदार), रसद (विष देणारा) आणि भिक्षुकी. पहिल्या गटातली वेषांतरं बघा, प्रत्येकाला एक पोटापाण्याचा धंदा आहे आणि त्या धंद्याला राज्याने भांडवल पुरवायचं आहे. आजच्या भाषेत बोलायचं तर कव्हर. १९०५ च्या सुमारास म्हैसूरला शामशास्त्रींच्या हाती हस्तलिखित आलं, १९०९ मध्ये छापलं गेलं. गटासाठी मुंबई विद्यापीठाने काढलेली र. पं. कंगल्यांची प्रत आदर्श. सगळा ग्रंथ नको, पहिल्या अधिकरणातले गूढपुरुषांचे, म्हणजे हेरांचे, दोन अध्याय पुरेत.

सांजवेळ

मग बहिर्जी नाईकांवरची कादंबरी घ्या की. मराठी गटाला तीच जवळची वाटेल.

शमीवृक्ष

घ्या, पण कादंबरी म्हणूनच. सभासदाच्या बखरीत बहिर्जी जासूद येतो तो सुरतेची खबर आणणारा म्हणून. समकालीन लिखाणात त्यांच्याबद्दल फार थोडं आहे. फकीर, वासुदेव, गोंधळी ही वेषांतरं, पक्ष्यांच्या आवाजाची भाषा, तीन-चार हजार हेरांचं जाळं, हा सगळा पसारा पुढच्या लेखकांचा. बहिर्जींचं मोल याने कमी होत नाही. उलट इतक्या मोठ्या मोहिमेत ज्याचं नाव एवढं थोडं उरलं, त्याचं काम किती चोख असेल! पण गटात 'हे असंच घडलं' म्हणून सांगू नका.

मध्यरात्र

गुप्तलिपीची एक शंका. कादंबऱ्यांत नेहमी पुस्तकाचा कोड असतो : पान, ओळ, शब्द. तो सुरक्षित असतो का?

इंद्रायणी

फारसा नाही, आणि अडचण आधी कागदाची येते. दोघांकडे एकच आवृत्ती, एकच छपाई लागते. पुनर्मुद्रणात प्रस्तावना दोन पानांनी वाढली की सगळे पान क्रमांक सरकले. शिवाय हवा तो शब्द पुस्तकात नसला की अक्षरं जुळवत बसायचं. आणि पुस्तक स्वतःच पुरावा ठरतं. १९४२ मध्ये कैरोतल्या जर्मन हेरांसाठी एक इंग्रजी कादंबरी ठरवली होती. तीच इंग्रजी न येणाऱ्या जर्मन बिनतारी सैनिकांकडे सापडल्यावर ब्रिटिशांना शंका आलीच.

व्यावसायिक पद्धत म्हणजे एकदाच वापरायची चावी. मजकुराचे आकडे करून पाचपाचचे गट पाडायचे आणि चावीच्या आकड्यांशी हातचा न धरता बेरीज करायची. मजकूर ४८२१३, चावी ९५७६०. ४ आणि ९ तेरा, लिहायचे ३. ८ आणि ५ तेरा, पुन्हा ३. मग ९, ७, ३. संदेश झाला ३३९७३. घेणाऱ्याने तसंच उलट वजा करायचं, कमी पडलं तर दहा उसने घ्यायचे आणि विसरून जायचं. चावीचे आकडे खरोखर यादृच्छिक असतील आणि पान वापरून जाळलं तर हे फोडता येत नाही.

बिघडतं कुठे? पान दोनदा वापरल्यावर. १९४२ मध्ये युद्धाच्या घाईत सोव्हिएत छापखान्याने हजारो चावीपानांच्या दोन-दोन प्रती केल्या. एकाच चावीचे दोन संदेश एकमेकांतून वजा केले की चावी उडते आणि दोन मजकुरांतला फरक उरतो. तिथून अमेरिकनांनी वर्षानुवर्षं शब्द उकलले. हा 'व्हेनोना' प्रकल्प १९९५ मध्ये उघड झाला. पुन्हा पानकिडांचा सालाचा नियम! शीतयुद्धातल्या अमेरिकेतल्या हेरांवरचं पुस्तक १९९५ च्या आधीचं असेल तर हा पुरावा त्यात नाही.

लाखबंद

आता डिटेक्टिव्हांकडे या. तिथे तंत्राचं साल तपासायचं, पुस्तकाचं नव्हे. ठशांचं उदाहरण घेऊ, कारण ते आपल्याकडचं आहे.

जगातलं पहिलं अंगुलिमुद्रा कार्यालय १८९७ मध्ये कलकत्त्यात झालं. पद्धतीला नाव पोलीस अधिकारी एडवर्ड हेन्रीचं मिळालं, पण वर्गीकरणाचं गणित बसवलं अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी. दहा बोटांना उजव्या अंगठ्यापासून क्रमांक द्यायचे, जोड्या करायच्या, जोड्यांना १६, ८, ४, २, १ किंमत. ज्या बोटावर चक्र असेल त्याची किंमत धरायची. सम बोटांची बेरीज वर, विषम बोटांची खाली, दोन्हींत १ मिळवायचा. एकही चक्र नसेल तर १/१, फक्त उजव्या अंगठ्यावर असेल तर १/१७, दहाही बोटांवर असेल तर ३२/३२. एकूण ३२ गुणिले ३२, म्हणजे १०२४ कप्पे. कार्ड थेट त्याच कप्प्यात.

यातून कादंबरीची चूक सापडते. ही पद्धत दहा बोटांची आहे. पेल्यावर एकच ठसा मिळाला तर कप्पा काढताच येत नाही. एकेरी ठशांची वेगळी नोंद स्कॉटलंड यार्डात १९३० च्या सुमारास आली. म्हणून १९१० मध्ये घडणाऱ्या कथेत इन्स्पेक्टर एका ठशावरून तासाभरात अभिलेखातून नाव काढत असेल तर ते चूक. संशयित समोर आहे आणि त्याच्या ठशाशी पडताळणी होते, हे मात्र बरोबर. होम्सच्या 'नॉरवुड बिल्डर'मध्ये (१९०३) तेच होतं, त्यामुळे ती कथा पास. 'स्पेकल्ड बँड' नापास : शिटी ऐकून परत फिरणारा, दूध पिणारा, दोरावरून चढ-उतार करणारा साप कुठल्याच सर्पमित्राला पटणार नाही.

सांजवेळ

स्पेकल्ड बँडला नापास करू नका हो! भालबा केळकरांच्या अनुवादात ती रात्री वाचून बघा.

लाखबंद

भीतीच्या पेपरात पहिला नंबर, विज्ञानात नापास. दोन्ही गुणपत्रिका वेगळ्या ठेवूया.

चाफेकळी

(पुढे रहस्यभेद आहे, खुनी कोण ते सांगत नाहीये.) विज्ञानात पैकीच्या पैकी हवे असतील तर अगाथा ख्रिस्तीची पहिली कादंबरी, 'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स', १९२०. पहिल्या महायुद्धात बाईंनी टॉर्कीच्या रुग्णालयात औषधं बनवण्याचं काम केलं होतं. त्या काळच्या टॉनिकमध्ये स्ट्रिक्निन अल्प प्रमाणात असे. त्यात ब्रोमाइड पडलं की न विरघळणारं संयुग होऊन तळाशी बसतं आणि बाटलीच्या शेवटच्या मात्रेत सगळं विष एकवटतं. औषधशास्त्राच्या नियतकालिकाने कादंबरीची तारीफ केली होती ती उगाच नाही.

'द पेल हॉर्स'मध्ये (१९६१) थॅलियम या विषाची लक्षणं, विशेषतः केस गळणं, इतकी नेमकी आहेत की १९७७ मध्ये लंडनच्या रुग्णालयात कतारहून आलेल्या लहान मुलीचं निदान डॉक्टरांना होत नव्हतं, तेव्हा ती कादंबरी वाचत असलेल्या परिचारिकेने थॅलियम सुचवलं. तपासणीत तेच निघालं आणि मुलगी वाचली.

वकिलीबाणा

मराठी रहस्यकथांबद्दल कुणीच लिहीत नाहीये म्हणून लिहितो. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू. गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप. सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद आणि बॅरिस्टर अमर विश्वास. शेकड्यांनी कथा लिहिणारे लोक हे. त्यांना ठसे आणि विषाच्या फूटपट्टीने मोजणं अन्याय आहे. वेग, संवाद, प्रकरणाच्या शेवटची ओढ, यात ते पक्के. अर्ध्या महाराष्ट्राला वाचनाची सवय त्यांनी लावली.

तरी तंत्राचीच कसोटी लावायची तर आपल्याकडच्या कथांना पुराव्याच्या कायद्याची लावा. ठराविक शेवट : दिवाणखान्यात सगळे जमलेत, डिटेक्टिव्ह कोडं उलगडतो, खुनी इन्स्पेक्टरसमोर 'होय, मीच मारलं' म्हणतो, बेड्या. कोर्टात या कबुलीची किंमत शून्य. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ नुसार पोलीस अधिकाऱ्याजवळ दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम आला, त्याच्या कलम २३ मध्येही तेच. अपवाद जुन्या कलम २७ चा : आरोपीने 'सुरा विहिरीत टाकलाय' म्हटलं आणि सुरा तिथे मिळाला तर बोलण्याचा तेवढाच भाग चालतो. त्यासाठी दोन पंच, त्यांच्यासमोर निवेदन, मग त्यांच्याचसमोर जप्ती आणि मोहोरबंद पाकीट. तीच कबुली पोलीस नसताना खाजगी डिटेक्टिव्हजवळ दिली तर चालू शकते, पण कमकुवत पुरावा म्हणून. म्हणजे हुशार लेखकाने इन्स्पेक्टरला दाराबाहेर थांबवायला हवं!

कोकणकडा

वकिलीबाणा, हा प्रतिसाद गटात जसाच्या तसा वाचून दाखवावा. पंचनाम्यावर उभी असलेली मराठी रहस्यकथा कुणीतरी लिहावी.

रानवारा

अवांतर : बाँडचं पिस्तूल. सुरुवातीच्या कादंबऱ्यांत बेरेटा .२५. शस्त्रांचे जाणकार जेफ्री बूथरॉइड यांनी १९५६ मध्ये बाँडचे लेखक फ्लेमिंगना पत्र लिहून ते फारच किरकोळ असल्याचं कळवलं. १९५८ च्या 'डॉक्टर नो'त बाँडला वॉल्थर पीपीके मिळालं आणि शस्त्रतज्ज्ञ पात्राला बूथरॉइड हे नाव. पण पिस्तूल ठेवायचं म्यान (होल्स्टर) दिलं ते बर्न्स-मार्टिनचं, आणि ते रिव्हॉल्व्हरसाठी असतं, पीपीके त्यात नीट बसत नाही. जाणकाराचा सल्ला अर्धाच घेतला की असं होतं.

टाकदोत

भारतीय हेरखात्यावरची पुस्तकं राहिली. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा आहेच. शिवाय ३१ मे २०२१ च्या पेन्शन नियमातल्या दुरुस्तीनंतर गुप्तचर संस्थांतून निवृत्त झालेल्यांना आपल्या संस्थेच्या कामाशी संबंधित काहीही छापण्याआधी परवानगी लागते. म्हणून बी. रामन यांचं २००७ चं 'द काओबॉइज ऑफ आर अँड ए डब्ल्यू' महत्त्वाचं. २१ सप्टेंबर १९६८ ला स्थापन झालेल्या रॉ या हेरसंस्थेबद्दल आतला माणूस नावानिशी लिहितो आणि चुकांवरही बोलतो. अशा आठवणी वाचताना दोन खुणा करत जा : लेखकाने स्वतः पाहिलेलं आणि त्याने ऐकलेलं.

पण गटासाठी माझी शिफारस वेगळीच आहे. अ. श्री. कर्णिक यांचं १९५८ चं 'काश्मीर प्रिन्सेस'. ११ एप्रिल १९५५ ला एअर इंडियाचं हे कॉन्स्टेलेशन विमान बांडुंगच्या आशिया-आफ्रिका परिषदेसाठी चिनी शिष्टमंडळातले लोक घेऊन हाँगकाँगहून निघालं. चाकाच्या कप्प्यात टाइमबॉम्ब होता. स्फोटाने इंधनटाकी पेटली, विमान नातुना बेटांजवळ समुद्रात पडलं. १९ जणांतले १६ गेले. चिनी पंतप्रधान चौ एन-लाय लक्ष्य होते, ते विमानात नव्हतेच. कॅप्टन जतारांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. कर्णिक विमानाचे देखभाल अभियंता आणि वाचलेल्या तिघांतले एक. भारताकडून तपासाला गेले होते रामनाथ काव, जे पुढे रॉचे पहिले प्रमुख झाले. अवशेषांत अमेरिकन बनावटीच्या डिटोनेटरचे भाग सापडले. संशयित विमानतळावरचा सफाई कामगार, तो तैवानला पळून गेला.

हेरगिरी, गुन्हेशोध आणि यंत्रज्ञान एका प्रकरणात, आणि सांगणारा असा मराठी माणूस ज्याला विमानाचा प्रत्येक पाइप ठाऊक.

पानकिडा

सगळ्यांचे मनापासून आभार. हिशेब असा बसतोय : जूनला अर्थशास्त्रातले दोन अध्याय, जुलैला माँटेग्यू आणि मॅकिन्टायर जोडीने, ऑगस्टला मास्टरमन, सप्टेंबरला स्टाइल्स, ऑक्टोबरला अमर विश्वासची एखादी कादंबरी पुराव्याच्या कायद्यासह, नोव्हेंबरला काश्मीर प्रिन्सेस. एनिग्मासाठी जागा उरली नाही, याचं वाईट वाटतंय.

इंद्रायणी

ऑगस्टला मास्टरमन नको. ते पुस्तक अहवालाच्या भाषेत आहे, अर्धा गट गळेल. त्यातलं गार्बोचं प्रकरण जुलैतच मिन्समीटबरोबर उरका, दोन्ही फसवणुकीच्याच मोहिमा. ऑगस्टला एनिग्मा फोडणाऱ्यांपैकी गॉर्डन वेल्चमनचं 'द हट सिक्स स्टोरी' घ्या, १९८२ चं. ते लिहिल्याबद्दल त्यांची गोपनीय कामाची परवानगी काढून घेतली गेली, कारण अंदाजाचा मजकूर आणि रोजच्या सवयी यांचं काम त्यांनी फार उघड करून सांगितलं. दोन कागदी पट्ट्या कापून आणा, सरकवायचा प्रयोग वीस मिनिटांत होतो. सांकेतिक मजकूर मी इथेच टाकते उद्या, रोमन अक्षरांत, साठ अक्षरांचा.

लाखबंद

आणि सप्टेंबरला शाईचा पॅड. दहा बोटांचे ठसे घ्या प्रत्येकाचे, अपूर्णांक काढा. बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लोळवायचं, नुसतं दाबायचं नाही, नाहीतर चक्र आणि शंख यांतला फरक कळत नाही. शाई पातळ असावी, रेघांमधल्या खाचा भरल्या की ठसा वाया.